एलोमची खोली

१

संध्याकाळी पाचला आईचं अंग ओल्या फडक्यानं पुसायचं, कूस बदलायची, पाठीला तेल चोळायचं, मग मक्याची पातळ पेज चमच्यानं पाजायची. चार चमचे ती निमूट घेई. पाचव्याला तोंड फिरवून विचारी, "एलोम आला?"

सहा वर्षं हाच क्रम. आई खाटेला खिळली तेव्हा मी लोमे शहरातल्याच एका शाळेत गणित शिकवत होते. वेळेआधी निवृत्ती घेतली. घ्यायला कुणी सांगितलं नव्हतं. पण बाप केव्हाच वारलेला, आणि धाकटा भाऊ बावीस वर्षांपूर्वी जर्मनीला गेला तो गेलाच. उरतं कोण? आमच्या भाषेत माझं नाव जिग्बोदी, म्हणजे धीर. भावाचं एलोम, म्हणजे 'त्याचा माझ्यावर जीव आहे'. दोन्ही नावं आईनंच ठेवली. वाटणी पाळण्यातच करून टाकली बाईनं.

तिला हाक मारायचा कंटाळा. काही हवं असलं की बोटातली अंगठी खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटे. ठक्-ठक्. दोनदाच. मी न्हाणीत असो की झोपेत, दुसऱ्या ठोक्याला माझे पाय चालू लागत.

शेवटच्या महिन्यात मी एलोमला चार वेळा फोन केला. "आता ये," म्हटलं. तो म्हणाला, "ताई, रजेचं बघतो." चौथ्या वेळीही रजेचंच बघत होता. त्या संध्याकाळी पाचव्या चमच्याला आईनं विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आला."

आईनं डोळे उघडले. "मग कुठाय?"

"हॉटेलात उतरलाय. प्रवासानं दमलाय. उद्या येतो म्हणाला."

"हॉटेलात? घर असताना?"

"त्याला आता नळाच्या गरम पाण्याची सवय लागलीय. आपल्याकडे बादली."

"कसलं हॉटेल?"

आईनं चाळीस वर्षं बाजारात धुरी दिलेली मासळी विकली होती. समोरचं माणूस खोटं बोलतंय हे तिला वासावर कळे. ती मला रोज उलटून पालटून विचारू लागली आणि मी रोज त्या हॉटेलात भर घालू लागले. साधंच आहे, दोन मजली. खिडक्यांना हिरव्या झडपा. अंगणात देशी बदामाचं झाड. त्याची खोली वर, सज्जाच्या टोकाला, रस्त्याकडे खिडकी.

"उशा किती?"

"दोन."

"दुसरी कुणाला?"

"पोटाशी घेऊन झोपतो. लहानपणापासूनची खोड."

त्यावर ती हसली. कपाटाचं दार आपोआप उघडतं म्हणून त्यानं खुर्ची लावून ठेवलीय, हेही मीच सांगितलं. नळ गळतो, त्याला चिंधी बांधलीय, तेही. हॉटेल जितकं खरं होत गेलं तितकी आई शांत झोपू लागली, आणि मलाही झोप मिळू लागली.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "माझं निळं कापड काढ."

"कशाला?"

"तो येत नाही ना? मग मीच जाऊन येते."

दुपारी ती गेली.

२

आईला शवागारात ठेवलं. परदेशातलं माणूस आल्याशिवाय आमच्याकडे कुणी पुरण्याची घाई करत नाही. एलोमला दीड महिन्यानंतरची रजा मिळाली. मेलेल्यासाठी मिळते रजा, जित्यासाठी मिळत नाही.

"ताई, एक करशील?" तो फोनवर म्हणाला. "घरी नको उतरायला. आईची ती खाट मला बघवणार नाही. एखादं साधंसं हॉटेल बघून ठेव. वरची खोली असली तर बरं. रस्त्याकडची."

मला सहा वर्षं बघवली ती खाट. पण मी फक्त 'बरं' म्हटलं.

देलामावशी, आईची धाकटी बहीण, ऐकून भडकली. "मयताला आलेला मुलगा हॉटेलात? लोक तोंडात शेण घालतील!"

"मग तू ठेवून घे त्याला."

"माझ्याकडे जागा कुठाय गं?"

"मग लोकांना हॉटेलच बघू दे."

मी तीन हॉटेलं पाहिली. पहिल्याच्या खाली दारूचा गुत्ता आणि ढोल. दुसऱ्याचं छत उतरवलेलं. तिसरीकडे एका मोटरसायकलवाल्यानं नेलं, तळ्यामागच्या गल्लीत. त्या गल्लीत मी जन्मात पाय ठेवला नव्हता.

डिसेंबरची कोरडी हवा होती, उत्तरेकडच्या वाळवंटाची धूळ सगळ्या शहरावर बसलेली. त्या धुळीमागं हिरव्या झडपा दिसल्या. फाटकातून आत गेले तर अंगणात देशी बदाम. मी स्वतःशी म्हटलं, जिग्बोदी, या शहरात अर्ध्या घरांच्या झडपा हिरव्या आहेत आणि दर दुसऱ्या अंगणात हेच झाड आहे.

हॉटेल सांभाळणारा आगोसू नावाचा साठीचा गृहस्थ झाडाखाली कोळशाची इस्त्री चादरींवर फिरवत होता. उंच, बोलका, एका कानानं बहिरा.

"वरची टोकाची खोली दाखवतो, बाई. तुम्हाला तीच हवी असणार."

"का?"

"तुमच्या घरचं कुणी बघून गेलं ना मागं? तीच पसंत केली होती."

मावशी येऊन गेली असेल, असं मनाशी म्हणत मी जिना चढले. आगोसूनं दार उघडलं. लोखंडी पलंग, पलंगावर दोन उशा, रस्त्याकडची खिडकी. आणि कपाटाच्या दाराला टेकवून ठेवलेली खुर्ची.

"ते दार आपोआप उघडतं," आगोसू म्हणाला. "म्हणून ती लावून ठेवायची."

मी न्हाणीत डोकावले नाही. नळाला काय बांधलंय हे मला बघायचं नव्हतं.

३

घरी येऊन मावशीला विचारलं.

"मी? त्या तळ्यापलीकडं?" ती म्हणाली. "माझे गुडघे मला संडासापर्यंत नेत नाहीत नीट. तुला झालंय काय?"

मी एकतीस वर्षं मुलांना शिकवलं की भीती वाटली तर आकडेमोड करावी. पाटी घेतल्यासारखी बसले. स्वस्त हॉटेलातल्या शंभर कपाटांपैकी साठांची दारं लागत नसणार. दोन उशा तर सगळीकडेच असतात. एकेक गोष्ट घेतली की काहीच राहत नव्हतं. सगळ्या एकत्र घेतल्या की तीच खोली उभी राहत होती. हिशेब बरोबर होता. फक्त उत्तर चुकत होतं.

दुसरी जागा बघायची ठरवलं. पण एलोम यायच्याच आठवड्यात शहरात कुठल्याशा चर्चचा मोठा मेळा भरायचा होता. दहा ठिकाणी फोन केले, दहाही भरलेली. शेवटी आगोसूलाच फोन करून होकार कळवला.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "खोली धरूनच ठेवलीय."

एलोम यायच्या चार दिवस आधी मी मच्छरदाणी घेऊन गेले. दुपारचे तीन असतील. आगोसू अंगणातूनच ओरडला, "जा वर, उघडीच आहे!"

कपाटाचं दार सताड उघडं होतं. खुर्ची खिडकीशी नेलेली, रस्त्याकडे तोंड करून. बसायच्या जागी वेताला खळगा पडला होता. मी खुर्ची उचलून पुन्हा कपाटाला लावली, मच्छरदाणी खिळ्याला अडकवली, खाली आले.

"खुर्ची कुणी हलवली?"

"ती हलतेच, बाई. झाडूवाली रोज सकाळी लावते, दुपारी पुन्हा खिडकीशी. ती म्हणते मी हलवतो, मी म्हणतो ती हलवते." तो हसला. "दोघंही म्हातारे झालो."

मी फाटकापाशी पोचले होते. वरून आवाज आला. ठक्-ठक्.

इतकंच. दोनदा. लोखंडावर धातू.

भीती नंतर वाटली. आधी काय झालं ते सांगते, कारण मला त्याचीच लाज वाटते. माझे पाय वळले. मी अंगण ओलांडलं, जिन्याच्या तीन पायऱ्या चढले, ओठांवर "आले, आई" तयार होतं, आणि चौथ्या पायरीवर मला कळलं की मी कुठं आहे.

४

दुसऱ्या दिवशी मी शवागारात गेले. निमित्त होतं पुरताना नेसवायची वस्त्रं देण्याचं. खरं म्हणजे मला आई तिथं आहे हे डोळ्यांनी बघायचं होतं.

तिथला माणूस पोरसवदा नव्हता, चांगला पन्नाशीचा, शांत. त्यानं कप्पा ओढला. आई होती. चेहरा लहान झालेला, तोंड जरासं उघडं. माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, बघ, इथंच आहे, सहा आठवडे इथंच आहे.

"एक बोलू, ताई?" तो माणूस म्हणाला. "रागावू नका. आणताना पाय तरी धुवायचे होते. बाकी अंग इतकं स्वच्छ, आणि तळवे असे."

मी तळव्यांकडे पाहिलं. टाचांच्या भेगांत धूळ भरली होती. बोटांच्या मधे वाळू. दूरवर अनवाणी चालून आलेल्या बाईचे असतात तसे.

आईनं सहा वर्षं जमिनीला पाय लावला नव्हता. ती गेली त्या दुपारी तिचे पाय मी धुतले होते, बोट बोट वेगळं करून, ऊन पाण्यानं.

"तुमच्याकडे कुणी खाली पाडलं असेल," मी म्हटलं.

"आमच्याकडे?" तो दुखावला. "आमच्याकडे फरशी आहे. वाळू कुठली?"

मी रुमाल ओला करून तिचे तळवे पुसले. पुसता पुसता माझ्या मनात भीती नव्हती, संताप होता. सहा वर्षं मी तिला म्हणत होते, आई, निदान काठी धरून अंगणापर्यंत चल, वैद्य सांगतात. ती म्हणायची, जमत नाही. आता त्याच्यासाठी जमलं.

५

एलोम बुधवारी दुपारच्या विमानानं आला. एकटाच. बायको गेझीन नंतर येणार होती, की येणार नव्हती, ते त्यानं धड सांगितलं नाही. डोक्यावरचे केस गेलेले, पोट सुटलेलं, पण डोळे तेच, सगळ्यांनी आपलं कौतुक करावं असे.

मला मिठी मारून म्हणाला, "ताई, किती वाळलीस गं!"

"तू वाळायचं विसरलास."

तो मोठ्यानं हसला, आणि हसता हसता रडायला लागला. टॅक्सीत बसल्यावर माझा हात त्यानं सोडला नाही. समुद्राकाठच्या रस्त्यानं जात होतो. पाणी धुळीत दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं.

"माझं नाव काढायची?"

"रोज."

"मग तू काय सांगायचीस?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तेव्हा सांगता आलं असतं. हॉटेल, उशा, खुर्ची, टाचांची धूळ, सगळं. तो मला वेडी म्हणाला असता, पण मावशीच्या ओटीवर चटई टाकून झोपला असता.

"सांगायचे, येतोयस म्हणून."

तो खिडकीकडे तोंड करून बसला. खांदे हलत होते. मला त्याची दया आली. खरंच आली. पुढच्या चौकापर्यंत टिकली.

"बरं झालं ताई, तू होतीस," नाक पुसत तो म्हणाला. "मला तिकडं तेवढाच धीर. नाहीतरी तुला कुठं जायचं होतं?"

हे तो प्रेमानंच म्हणाला.

हॉटेलात आगोसूनं हसून स्वागत केलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, खालची एक खोली आज सकाळीच रिकामी झालीय. जिन्याला लागून. प्रशस्त आहे. भाऊसाहेब थकलेत, जिना नको असेल तर..."

मी वर पाहिलं. टोकाच्या खिडकीची झडप एका बोटाएवढी उघडी होती.

माझा विश्वास नव्हता. आणि मायलेकांची भेट व्हायलाही हवी होती मला. ही दोन्ही मनं एका बाईत कशी राहतात ते मला विचारू नका.

"वरचीच द्या," मी म्हटलं. "त्याला रस्त्याकडची आवडते."

६

एलोम आंघोळीला म्हणून वर गेला. मी झाडाखाली बाकावर बसले. आगोसू इस्त्री करत होता, निखाऱ्यांवर फुंकर घालत होता. सावली थोडी सरकली. वरून एलोमच्या बोलण्याचा आवाज येऊ लागला.

"बायकोशी बोलतायत वाटतं," आगोसू म्हणाला.

"हो. फोनवर."

त्याच वेळी आम्हा दोघांची नजर टेबलाकडे गेली. एलोमचा फोन आगोसूच्या टेबलावर होता, वायर लावून ठेवलेला. त्यानं स्वतःच जाताना दिला होता.

आगोसूनं इस्त्री उभी केली. रेडिओचा आवाज वाढवला आणि आपला चांगला कान तिकडे केला.

मी ऐकत राहिले. एलोम बोलायचा, थांबायचा. थांबण्याच्या जागा अशा होत्या की दुसऱ्या माणसाचं वाक्य त्यात बरोबर मावावं. मग हसायचा. हळूहळू त्याचा आवाज बदलत गेला. घोगरेपणा गेला, शब्द बोबडे होऊ लागले. जर्मनीतला चोपन्न वर्षांचा माणूस म्हणत होता, "अजून, अजून."

ठक्-ठक्.

या वेळी मी पायांना थांबवलं नाही. जिना चढले, सज्जा ओलांडला. दार वीतभर उघडं होतं.

एलोम जमिनीवर मांडी घालून बसला होता. पाठ माझ्याकडे, मागचे उरलेले केस ओले, मानेला चिकटलेले, नुसता पंचा गुंडाळलेला. तोंड वर करून आ वासलेला. खुर्ची कपाटाच्या उघड्या दाराआड होती. मला दिसली ती फक्त त्या दाराच्या कडेबाहेर आलेली एक ताटली आणि ताटलीवर वाकलेला एक हात. हात माशातले काटे काढत होता. अंगठा आणि दोन बोटं, हळू, एकही काटा राहू नये असे. काटे ताटलीच्या कडेला रांगेत. मग मऊ घास वर उचलला गेला आणि एलोमच्या तोंडाकडे गेला.

मनगटाशी निळं कापड होतं.

मी हाक मारली का, मला आठवत नाही. श्वास तरी घेतला असेन. कारण घास मधेच थांबला, आणि दाराआडून आवाज आला. रोजचा, खाटेवरचा, जराही न बदललेला:

"दार ओढून घे गं. धूळ येते."

वळून पाहिलंसुद्धा नाही तिनं.

मी दार ओढून घेतलं.

७

शनिवारी आईला पुरलं. एलोम आला नाही.

मावशीचा मोठा मुलगा आणि दोन चुलतभाऊ त्याला आणायला गेले होते. त्यानं दार फटीएवढं उघडलं म्हणे, दाढी केलेली, चेहरा तुकतुकीत. म्हणाला, "आईला जरा बरं वाटलं की आम्ही दोघंही येतो. तुम्ही पुढं व्हा." तिघे परत आले ते एकमेकांकडे न बघता. मावशीच्या मुलानं माझ्याकडे पाणी मागितलं आणि हातात घेऊन प्यायलाच नाही.

"परक्या मुलखात राहून रीत विसरला," मावशी सगळ्यांना सांगत होती. बँड वाजत होता, घरच्या बायकांनी एकाच छापाची कापडं नेसली होती. शवपेटी उचलणाऱ्यांपैकी एक जण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "रिकामी आहे की काय?" दुसरा म्हणाला, "म्हातारं माणूस, वाळून जातं."

मी पेटी उघडायला लावली नाही.

मग डबे सुरू झाले. खोलीतून तो बाहेर येईना, आणि उपाशी कसा ठेवायचा? रोज दुपारी अकुमे, म्हणजे मक्याचा उकडलेला गोळा, पालेभाजीचं कालवण, मासा. दारात ठेवायचा, कालचा रिकामा डबा उचलायचा. दोघांपुरतं नेलं तर दोघांपुरतं संपे. आत मी गेले नाही. आतून कधी हसणं येई, कधी गुणगुणणं. माझं नाव एकदाही आलं नाही. एके दिवशी कालवणात मीठ जास्त पडलं, तर रिकाम्या डब्याबरोबर दाराआडून एलोमचा आवाज आला, "ताई, आई म्हणते, हिचा हात अजून तसाच आहे."

डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, धक्का आहे, वेळ लागेल.

एकोणिसाव्या दिवशी गेझीन आली. धिप्पाड, भुऱ्या केसांची, फार न बोलणारी बाई. मला तिच्याबद्दल वाईट बोलायची सवय होती, पण तिनं जे केलं ते आमच्यातल्या कुणालाच जमलं नव्हतं. ती सरळ आत गेली, खिडक्या उघडल्या, नवऱ्याच्या अंगात सदरा घातला, त्याचा दंड धरून खाली आणला. तिला काही दिसलं नसावं. कदाचित जे आपलं नव्हतं ते मेलेलं माणूस आपल्याला दिसतच नसेल.

एलोम मुकाट चालत होता. पाठमोरा, उलटी पावलं टाकत, वर खिडकीकडे बघत.

"ताई," गाडीत बसताना तो म्हणाला, "तिला सांगशील ना, मी जरा जाऊन येतो म्हणून?"

आता तो तिकडं बरा आहे. कामावर जातो. गेझीन कळवते की त्याला कशाचीच चव लागत नाही, बाकी ठीक.

८

एलोम गेल्यावर चार दिवसांनी आगोसूचा फोन आला. "बाई, भाऊसाहेबांचं थोडं सामान राहिलंय वर. झाडूवाली त्या खोलीत जायला तयार नाही. मी जिना चढत नाही हल्ली. तुम्हीच या."

तो जिना चढत नव्हता ते गुडघ्यांमुळे नव्हे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी तीन वाजता गेले. लख्ख ऊन होतं. हवा निवळली होती, धूळ खाली बसली होती. गल्लीत कुणीतरी मोटरसायकल दुरुस्त करत होतं. खोलीचं दार ढकललं. खुर्ची खिडकीशी, पाठ माझ्याकडे. पाठ उंच होती. तिच्यावरून काही दिसत नव्हतं, आणि मी पुढं जाऊन बघितलं नाही. एलोमचा सदरा, वस्तरा, चपला असं सगळं एका चादरीत बांधलं.

ठक्-ठक्.

"आई, मी आहे," मी म्हटलं.

रस्त्यावर मोटरसायकल सुरू होऊन बंद पडली.

"मी, जिग्बोदी. एलोम गेला, आई. बायकोनं नेला. मी आहे इथं."

खुर्चीचा वेत करकरला, कुणी कूस बदलावी तसं. उत्तर नव्हतं. ही शांतता मला पाठ होती. सहा वर्षं, पाचव्या चमच्यानंतर, मी हीच ऐकत आले होते.

बोचकं उचललं. दाराशी पोचले. एक पाय सज्जात होता तेव्हा आवाज आला. हा आवाज वेगळा होता. इतका हळवा, इतका लाडका आवाज त्या बाईच्या गळ्यात आहे हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळत होतं.

"एलोम? आलास का रे?"

खाली आगोसूची इस्त्री टेबलावर आपटत होती. जिना चौदा पायऱ्यांचा, अंगण वीस पावलांचं, फाटक उघडं. घरी मला कुणी थांबवलं नव्हतं आणि इथंही कुणी थांबवत नव्हतं. मी निघून जाऊ शकत होते. हे मी नीट, शांतपणे, उदाहरण सोडवावं तसं समजून घेतलं.

"एलोम? बाळा?"

मी बोचकं पलंगावर ठेवलं. चपला काढल्या. दार आतून लावून घेतलं.

"आलो, आई," मी म्हणाले.